डोळे बरे होतील, पण ती ट्यूब अजून तिथेच आहे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शनिवारी रात्री आठला 'ब्लॅकलाइट' पार्टीला, म्हणजे अतिनील दिव्यांखाली कपडे चमकतात तसल्या पार्टीला, गेलात, साडेअकराला घरी आलात, तोवर काहीच त्रास नव्हता. पहाटे तीनच्या सुमाराला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन जाग आली. डोळे उघडेनात, पाणी थांबेना, मोबाइलचा उजेडही सहन होईना. बरोबरच्या तिघांचं तेच झालं, चष्मा लावणारा मित्र तेवढा ठणठणीत. सकाळी गाल आणि मान उन्हात भाजल्यासारखी लाल. लाइटवाले म्हणतात, ब्लॅकलाइटनं काही होत नसतं, धुराच्या मशीनची अ‍ॅलर्जी असेल. आज तिसरा दिवस, डोळे बरेच निवळलेत. तर कायमचं नुकसान झालंय का? आणि पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये तुमच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे, तो तिथे करावा का?

पहिल्याचं उत्तर: बहुतेक नाही. दुसऱ्याचं: ट्यूब पाहिल्याशिवाय नाही. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. वीसेक वर्षांत वेल्डिंगची आर्क लागलेले कामगार खूप पाहिले, आणि तुमच्यासारखे कार्यक्रमातून आलेले लोकही थोडेथोडके नाहीत. त्या अनुभवावर सांगते, तुम्ही विचारताय डोळ्यांबद्दल, पण खरी भानगड छताला टांगलेली आहे.

आधी अ‍ॅलर्जीची शंका काढून टाकू. धुराचा त्रास व्हायचा तर तो धुरात असताना होतो, बाहेर मोकळ्या हवेत आलं की कमी होतो. चष्मा आहे की नाही याच्याशी धुराला देणंघेणं नसतं, तो कडेनं आत शिरतोच. कॉलरच्या रेषेपर्यंत मान लाल आणि खाली कातडी साफ, असंही धूर करत नाही. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी उलट आहेत. त्रास काही तासांनी सुरू झाला, काचेआडचे डोळे वाचले, आणि कपड्यांनी झाकलेली त्वचा वाचली. हे अतिनील किरणांचंच काम. वैद्यकात याला फोटोकेराटायटिस म्हणतात. बर्फावर फिरणाऱ्यांना होतो तोच, वेल्डरांना होतो तोही हाच.

हा जो मधला वेळ जातो ना, सहा ते बारा तासांचा, कधी त्याहून कमी, कधी चोवीसपर्यंत, तोच सगळा घोळ करतो. गरम तव्याला हात लागला की आपण लगेच मागे घेतो. इथे तसा चटका बसतच नाही. अतिनील किरण कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, सगळ्यांत वरच्या पेशींना आतून इजा करतात. पेशी तिथल्या तिथे मरत नाहीत, काही तासांनी सुटून गळायला लागतात. त्या गळाल्या की खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. कॉर्नियात मज्जातंतूंची गर्दी त्वचेच्या शेकडो पट असते, म्हणून वेदना इतकी. तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो, हॉल बंद झालेला असतो, लाइटवाले सामान गाडीत घालून निघून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण वेगवेगळ्या डॉक्टरकडे जातो, कुणाला 'डोळे आलेत' म्हणून थेंब मिळतात, आणि चार जणांचा त्रास एकाच दिव्यामुळे झाला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुमच्या ग्रुपनं सकाळी एकमेकांना विचारलं म्हणून तुम्हाला तरी कळलं.

तपासताना हे फार स्पष्ट दिसतं. फ्लुरेसीन या चमकणाऱ्या रंगाची नारिंगी पट्टी पापणीच्या आत टेकवायची आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, निळा उजेड टाकायचा. निरोगी कॉर्निया एकसारखा, काळपट दिसतो. फोटोकेराटायटिसमध्ये त्यावर बारीक हिरवे ठिपके शिंपडल्यासारखे चमकतात, शेकड्यानं. आणि ते कुठेही नसतात, पापण्यांच्या फटीतून जो आडवा पट्टा उघडा राहतो तेवढ्यातच असतात. वरची पापणी अलगद उचलून पाहिली की तिच्या आडचा भाग स्वच्छ. दोन्ही डोळ्यांत असंच. (पार्टीत तुमचे शर्ट ज्या तत्त्वावर चमकत होते त्याच तत्त्वावर ही तपासणी चालते. रुग्णांना मी हे सांगत नाही, त्या वेळी कुणी हसण्याच्या परिस्थितीत नसतं.)

आता दिवा. काही वर्षांपूर्वी लाइटिंगचं काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता, म्हणजे त्याला सहकाऱ्यानं दंडाला धरून आणला होता. आदल्या संध्याकाळी शिडीवर चढून त्यानं आठ ट्यूब लावल्या होत्या आणि त्या चालू असतानाच तारा बांधत बसला होता. तोही मला हेच म्हणाला, 'मॅडम, ब्लॅकलाइट होते, त्यांनी काही होत नाही.' मी म्हटलं, त्यातली एक ट्यूब बंद करून, काढून मला दाखवता येईल का? दोन दिवसांनी डोळे उघडल्यावर तो टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. हातात घेतल्याबरोबर कळलं. ट्यूबची काच स्वच्छ, पाण्यासारखी. टोकाशी आतलं फिलामेंटचं वेटोळं दिसत होतं. आरपार पलीकडची माझी बोटं दिसत होती. धातूच्या टोपणाजवळ बारीक अक्षरांत 'टीयूव्ही' असं छापलेलं आणि त्याखाली डोळ्यावर खूण असलेलं इशाऱ्याचं चित्र. ती जंतुनाशक ट्यूब होती. पाणी आणि हवा निर्जंतुक करायला वापरतात, शस्त्रक्रियेच्या खोल्यांत, प्रयोगशाळांत, माणसं बाहेर गेल्यावर लावतात, ती.

खरी ब्लॅकलाइट ट्यूब तशी दिसत नाही. बंद असताना ती जवळजवळ काळी, गडद जांभळी असते, आरपार काही दिसत नाही. तिच्या काचेत निकेल ऑक्साइड असतं. रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावानं तिला वुड्स ग्लास म्हणतात. ही काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते आणि ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही-ए, बाहेर सोडते. आतून फॉस्फरचा लेप असतो, तो पाऱ्याच्या वाफेतून निघणारे घातक किरण शोषून त्यांचं या सौम्य किरणांत रूपांतर करतो. जंतुनाशक ट्यूबमध्ये लेपही नसतो आणि ती काचही नसते. पाऱ्याची वाफ जे देते ते, म्हणजे मुख्यतः २५३.७ नॅनोमीटरचे घातक अतिनील, म्हणजे यूव्ही-सी किरण, मुद्दाम ते आरपार जाऊ देणाऱ्या काचेतून, जसेच्या तसे बाहेर.

मग लोक चुकतात कसे? चुकणं फार सोपं आहे म्हणून. तीस वॅटची जंतुनाशक ट्यूब लांबीला, जाडीला आणि पिनांना साध्या तीस वॅटच्या ट्यूबलाइटसारखीच असते. त्याच पट्टीत बसते, त्याच चोकवर पेटते. चुकीची ट्यूब आहे म्हणून पट्टी काही तिला नाकारत नाही. दुकानात 'यूव्ही ट्यूब द्या' म्हटलं की दोन्ही यूव्हीच. पेटल्यावर मंद निळसर उजेड पडतो, पांढरे कपडे चमकतात, रंग उठून दिसतात, म्हणजे पाहिजे तो परिणामही मिळतो. त्यात २०२० नंतर अशा ट्यूब आणि यंत्रं घरोघरी, दुकानोदुकानी विकली गेली. त्याच वर्षी मायामीच्या नेत्रतज्ज्ञांनी विकत आणलेल्या जंतुनाशक दिव्यांमुळे डोळे भाजलेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. साथ ओसरल्यावर त्या ट्यूब अडगळीत गेल्या. अडगळीतून काय कुठे जाईल, सांगता येत नाही.

कार्यक्रमांतल्या घटनांमधली सगळ्यांत गाजलेली हाँगकाँगची. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे एपफेस्ट नावाचा मोठा कार्यक्रम झाला, आणि नंतर अनेकांनी डोळे जळत असल्याचं, त्वचा भाजल्याचं समाजमाध्यमांवर लिहिलं. आयोजकांच्या चौकशीत एका कोपऱ्यात लावलेले यूव्ही-ए दिवे हे संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. ते दिवे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्या निष्कर्षावर मत देणार नाही. पण 'यूव्ही-ए' एवढंच कानावर पडलं की मी दोनदा विचारते, आणि ते का, हे पुढच्या हिशेबात येईल.

तीस वॅटच्या जंतुनाशक ट्यूबमधून साधारण बारा वॅट यूव्ही-सी बाहेर पडतं. एक मीटरवर ते चौरस मीटरला सुमारे एक वॅट भरतं. किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आहे, आयसीएनआयआरपी. त्याच्या २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या किरणांची आठ तासांतली मर्यादा चौरस मीटरला ६० ज्यूल. म्हणजे एका मीटरवर उघड्या ट्यूबसमोर एक मिनिट उभं राहिलात की दिवसाचा कोटा संपला. तीन मीटरवर आठ-नऊ मिनिटं. अशा चार ट्यूब शेजारी शेजारी असतील तर तीन मीटरवरही दोन-सव्वादोन मिनिटं. तुम्ही तिथे साडेतीन तास होता. मर्यादा ओलांडली की लगेच इजा होतेच असं नाही, पण ही मर्यादा आणि प्रत्यक्ष इजा यांत फार मोठी फटही नसते.

त्याच तत्त्वांत प्रत्येक तरंगलांबीला ती कॉर्नियाला आणि त्वचेला किती घातक आहे त्याचं वजन दिलंय. २७० नॅनोमीटरला १ धरलं तर २५४ ला ०.५ आणि ३६५ ला ०.०००११. भागाकार करून पाहा, तितक्याच ऊर्जेला जंतुनाशक ट्यूब ब्लॅकलाइटच्या सुमारे साडेचार हजार पट जास्त घातक निघते. म्हणून कुणी 'ब्लॅकलाइटनं डोळे भाजले' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, तो ब्लॅकलाइटच होता हे कुणी पाहिलं?

यात तुमच्या लाइटवाल्यावर अन्याय करायचा नाही. त्याचं वाक्य अर्धं खरं आहे. खऱ्या ब्लॅकलाइट ट्यूबखाली, नेहमीच्या अंतरावर, एका संध्याकाळी निरोगी माणसाच्या डोळ्यांना असं काही होत नाही. फार तर नजरेसमोर निळसर धुकं आल्यासारखं वाटतं. आपल्या डोळ्यातलं भिंग त्या किरणांत स्वतःच चमकतं, त्याचं ते धुकं. दिवा बंद झाला की जातं. चूक त्याची एवढीच की हातातली वस्तू न पाहता तो त्या वस्तूच्या नावावर विसंबला.

तरी 'यूव्ही-ए म्हणजे निर्धोक' असंही मी म्हणणार नाही. हल्ली ट्यूबऐवजी एलईडीचे मोठे यूव्ही कॅनन येतात, शेकडो वॅटचे. यूव्ही-एसाठी डोळ्यांची मर्यादा चौरस सेंटीमीटरला एक ज्यूल आहे. साध्या ट्यूबपाशी ती गाठायला काही तास लागतात, पण असा कॅनन डान्स फ्लोअरच्या काठावर, चेहऱ्याच्या उंचीवर ठेवला तर जवळ उभं राहणाऱ्यांची ती बरीच लवकर ओलांडली जाऊ शकते. आणि काही माणसांना यूव्ही-ए मुळातच सोसत नाही. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारी तरुण मुलं हे माझ्या नेहमीच्या पाहण्यातलं उदाहरण, या गोळीवर त्वचा यूव्ही-एला चटकन भाजते. थायाझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्याही तशाच. ल्युपस हा प्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांनी तर अशा ठिकाणापासून लांबच राहावं. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त यूव्ही-ए आत जाऊ देतं. तुमच्यापैकी कुणी असं औषध घेत असेल, तर त्याची लाली जंतुनाशक ट्यूबची की गोळी आणि ब्लॅकलाइट यांच्या जोडीची, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण गोळीनं चौघांचे डोळे एकाच पहाटे जळत नाहीत.

दिवा पांढराशुभ्र, नेहमीचा असला तरी हे होऊ शकतं, हेही सांगून ठेवते. मोठ्या सभागृहांत, खेळाच्या हॉलमध्ये मेटल हॅलाइड किंवा पाऱ्याच्या वाफेचे दिवे असतात. त्यांत आत क्वार्ट्झची छोटी नळी आणि बाहेर काचेचा फुगा. आतली नळी भरपूर अतिनील किरण सोडते, बाहेरची काच ते अडवते. बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळतच राहू शकते, आणि खालून बघणाऱ्याला दिवा चालू दिसतो, बस. अमेरिकेत अशा फुटक्या दिव्यांनी लोकांचे डोळे आणि त्वचा भाजल्याच्या घटना तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं नोंदवल्या आहेत. तिथे काच फुटली की आपोआप विझणाऱ्या दिव्यांना वेगळं अक्षर आहे, टी. न विझणाऱ्यांना आर. स्टेजवरच्या जुन्या मूव्हिंग हेडमध्येही, म्हणजे फिरत्या दिव्यांमध्येही, पुढची काच तडकली म्हणून काढून टाकलेली मी ऐकली आहे. ती काच फक्त धूळ अडवायला नसते.

इथवरचं थोडक्यात: तुम्हाला झालं ते अतिनील किरणांनी, जवळजवळ नक्की. किरण कोणत्या दिव्याचे, ते ट्यूब पाहिल्यावर ठरेल, पण माझा संशय स्वच्छ काचेच्या ट्यूबवर आहे.

आता तुमचे डोळे. २५४ नॅनोमीटरचे किरण कॉर्नियाच्या वरच्या थरातच अडतात. भिंगापर्यंत जात नाहीत, पडद्यापर्यंत म्हणजे रेटिनापर्यंत तर नाहीतच. आणि हा वरचा थर शरीरातल्या सगळ्यांत लवकर भरून येणाऱ्या थरांपैकी एक आहे. बहुतेक जण दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत बरे होतात, डागही राहत नाही. तुमचा तिसरा दिवस आहे आणि डोळे निवळतायत, हे सगळं त्याच वाटेवर आहे. थोडी खुपखुप, उजेडाचा त्रास आणखी दोन-चार दिवस राहू शकतो. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स पूर्ण बरं वाटेपर्यंत बंद, आणि त्या रात्री घातलेली जोडी रोजची असेल तर टाकून द्या. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब दर दोन तासांनी, बंद डोळ्यांवर गार पाण्याची घडी, वेदनेसाठी नेहमीची सोसणारी गोळी. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिलं असेल तर ते सांगितलं तितके दिवस घाला. घरातलं कुठलंही द्रव डोळ्यांत नको.

एक गोष्ट मात्र कितीही दुखलं तरी करायची नाही. बधिर करणारे थेंब घरी घालायचे नाहीत. दवाखान्यात तपासताना आम्ही एक थेंब टाकतो आणि काही सेकंदांत रुग्णाचा चेहरा सैल पडतो, मग तो म्हणतो, हीच बाटली द्या ना. हे मी कितीदा ऐकलंय! देत नाही, कारण हे थेंब वारंवार घातले की नवा थर भरत नाही, उलट झिजत जातो. एका वेल्डरनं कुणाकडून तरी ती बाटली मिळवून आठवडाभर घातली. दोन दिवसांत बरा झाला असता असा माणूस महिनाभर माझ्याकडे येत होता आणि शेवटी बुबुळावर पांढरा डाग घेऊन गेला.

डॉक्टरकडे उद्याच जा असं मी सगळ्यांना म्हणणार नाही, तुम्ही सुधारताय. पण चौघांपैकी कुणाचंही दुखणं आज तिसऱ्या दिवशीही पहिल्या रात्रीइतकंच असेल, किंवा एकच डोळा जास्त लाल असेल, चिकट स्राव येत असेल, बुबुळावर पांढरट ठिपका दिसत असेल, तर आजच दाखवा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, विशेषतः लेन्स वापरणाऱ्यांत. आणि कुणाला दुखत काहीच नाही पण नजरेच्या मध्यभागी काळा किंवा राखाडी ठिपका दिसतोय, ओळी वाकड्या दिसतायत, तर ते प्रकरण निराळं. कार्यक्रमात लेझर असेल तर तो सरळ रेटिनावर जातो आणि तिथे वेदना होत नाही. त्याला थांबायचं नाही.

त्वचेचं त्यामानानं सोपं. यूव्ही-सीचा बराचसा भाग त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातच अडतो, त्यामुळे लाली एका दिवसात शिगेला जाते, मग उतरते, चार-सहा दिवसांनी बारीक पापुद्रे निघतात. सावळ्या त्वचेवर लाली दिसतही नाही, नुसती गरम आणि ताणलेली वाटते आणि नंतर काळपटते, म्हणून 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या मित्राला गाल ताणल्यासारखे वाटतायत का तेही विचारा. साधं मॉइश्चरायझर लावा, आठवडाभर ऊन टाळा, पापुद्रे ओढू नका. फोड आले असतील तर दाखवा. एका रात्रीवरून कर्करोगाची धास्ती घेऊन बसू नका.

राहिला पुढच्या महिन्याचा कार्यक्रम. इथे मी डॉक्टरकीच्या थोडी बाहेर जातेय, पण त्या शिडीवरच्या तरुणामुळे आणि नंतर त्याच्या मालकाशी झालेल्या बोलण्यांमुळे बरंच शिकले.

हॉलवाल्याला फोन करून 'तुमच्या लाइटनं आमचे डोळे गेले' असं सुरुवातीलाच म्हणू नका. तो बचावाला उभा राहील आणि ट्यूब दुसऱ्याच दिवशी गायब होतील, कदाचित दुसऱ्या हॉलमध्ये जातील. त्याला एवढंच सांगा: जे यूव्ही दिवे लावले होते त्यांच्या टोकावर छापलेल्या अक्षरांचे फोटो हवेत, दिवे बंद ठेवून काढलेले. ट्यूबवर 'बीएलबी' असेल किंवा वॅटच्या आकड्यापुढे तिरकी रेघ आणि ०८ असेल, आणि काच काळी-जांभळी असेल, तर तो खरा ब्लॅकलाइट. 'टीयूव्ही' असेल, किंवा 'जी' अक्षर, आकडा, 'टी' अक्षर, आकडा असा क्रम असेल, जसा 'जी ३० टी ८', आणि काच पारदर्शक असेल, तर ती जंतुनाशक. ०१ किंवा १२ दिसले तर त्या त्वचारोगांवरच्या उपचाराच्या यूव्ही-बी ट्यूब, त्याही पार्टीत नकोत. छापील काहीच नाही, खोडलेलं आहे, किंवा स्वस्तातली बिननावाची ट्यूब आहे, तर नको म्हणून मोकळे व्हा. ट्यूब पेटवून, बघून ठरवायला जाऊ नका. डोळ्यांना तो उजेड मंदच दिसतो, त्यातलं जे भाजतं ते दिसतच नाही. ओझोनचा तिखट वास आला तर संशय घ्या, पण वास नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच जंतुनाशक ट्यूबची काच ओझोन तयार करणारे किरण अडवते.

एलईडी असेल तर तरंगलांबी विचारा आणि आयईसी ६२४७१ या दिव्यांच्या किरणांच्या सुरक्षिततेच्या मानकाप्रमाणे कोणता रिस्क ग्रुप, म्हणजे धोक्याचा गट, आहे ते लेखी मागा. नीट कंपनीचा दिवा असेल तर माहितीपत्रकात असतंच, किती अंतर सोडायचं तेही असतं. दिवे डोक्याच्या बरेच वर, खाली तिरपे, चेहऱ्याच्या उंचीवर एकही नको. आणि त्या जागी रात्रभर उभे राहणारे, म्हणजे पेयं देणारे, सुरक्षारक्षक, डीजे स्वतः, यांची आठवण ठेवा. पाहुणा नाचत इकडे तिकडे फिरतो, हे लोक त्याच दिव्याखाली सहा-सात तास असतात.

शक्य असेल तर दिव्यांची चाचणी आदल्या दिवशी करून घ्या, त्याच संध्याकाळी नको. ट्यूबची अक्षरं तपासून झालेली असली तरीही. ज्यांनी दिवे लावले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारा, रात्री झोप लागली का, डोळे चुरचुरले का. लावून झाल्या झाल्या विचारलंत तर सगळे 'काही नाही' म्हणतील, आणि ते खरंच बोलत असतील.

फोटो मिळाले तर इथेच टाका, अक्षरं वाचून सांगते. त्या रात्रीचे आणखी कुणी पाहुणे ओळखीचे असतील तर त्यांनाही कळवा. त्यांच्यातला कुणीतरी अजून डोळे आल्याचे थेंब घालत बसला असेल.